अर्ध्यातून उठायचं नसतं

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाईंना पाय धुण्याचं वेड लागलंय, असं मला वाटायला लागलं. सकाळी धुतले, ठीक. शेतावरून आल्यावर धुतले, तेही ठीक. पण आई अंगणातल्या बाजेवर बसलेल्या असायच्या, मध्येच उठायच्या, मागच्या दगडावर जायच्या, दोन्ही पायांवर तांब्याभर पाणी ओतायच्या, चूळ भरायच्या आणि परत येऊन बाजेवर बसायच्या. जरा वेळाने पुन्हा तेच. कुठे गेल्या नाहीत, आल्या नाहीत, चिखलात पाय पडला नाही. बोअरिंगवरून हंडे मी आणायचे, त्यामुळे मला ते वाहून जाणारं पाणी दिसायचं. एकदा मी टोमणाही मारला की आई, पाय झिजतील हो. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं.

मी मूळची डहाणूची, समुद्राकडची. लग्न होऊन सायवनच्या अंगाला, डोंगराकडच्या या पाड्यावर आले. भात, नागली, दोन बैल, विटांचं घर आणि वर सिमेंटचे पत्रे. आमचे हे वापीला कंपनीत, पाळीवर. आठवड्यातून एकदा घरी येणार आणि अर्धा वेळ झोपणार. म्हणजे घरात खऱ्या अर्थाने तिघीच. आई, मी आणि आमची पाच वर्षांची मुलगी.

आणि आमच्याकडे जमीन हलते. हे मी पाहुण्यांना चहा देता देता सांगते, हसत सांगते, आणि ते हसणं साफ खोटं असतं. आधी आवाज येतो, जमिनीखालून कुणी रिकामा ट्रक दगडांवरून नेत असावा तसा. मग फळीवरची भांडी वाजतात. मग पायांना कळतं. बहुतेक वेळा एवढंच, तोंडातला घास गिळायच्या आत संपतं. पण संपल्यावर जी शांतता असते, तिच्यात माणूस कान देऊन उभा राहतो, कारण हा पुढच्या मोठ्या धक्क्याच्या आधीचा होता की शेवटचा, हे कोण सांगणार? आतल्या खोलीच्या खिडकीपासून भिंतीला एक चीर गेली होती. मी रोज तिच्यावर बोट फिरवायचे. वाढली असं वाटायचं, नाही असंही वाटायचं. तालुक्यातले साहेब येऊन बघून गेले होते, घाबरू नका म्हणाले होते. साहेबांचं घर कुठे होतं कोण जाणे.

दिवाळीनंतर आईंनी अंगणात बांबू रोवले, ताडपत्री टाकली, खाली पेंढा पसरला आणि बाज तिथे नेली. पाड्यावर तसं बऱ्याच जणांनी केलं होतं. पण इतर लोक काही दिवसांनी कंटाळून आत गेले. आई गेल्या नाहीत. आणि नातीलाही आत जाऊ देईनात. पोर आजीला चिकटलेली, तीही बाहेरच. आमच्याकडे डोंगराखाली थंडीत दव असं पडतं की सकाळी ताडपत्री पिळून काढावी लागते. पोरीला खोकला लागला. मी रात्री उचलून आत आणावं तर ती जागी होऊन असा आकांत करायची की शेजारी उठायचे. अंगणवाडीतूनही पळून यायला लागली. रस्त्यावरून खडीचा डंपर गेला की ही बाहेर. अंगणवाडीच्या ताई बिचाऱ्या मागे धावायच्या.

माझं डोकं सटकायचं. पण खरं सांगते, रागाच्या खाली भीतीच होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दव. पोरीला आत झोपवलं आणि भिंत आली तर? बाहेर झोपवलं आणि छाती भरली तर? आई होऊन असला हिशेब करायची वेळ माझ्या वैऱ्यावरही येऊ नये.

मी चारोटी नाक्यावर मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसते. रिचार्ज, चार्जर, कव्हर, काच बसवून देणं, ही कामं. हायवेवरची गिऱ्हाइकं, घाईतली. वर्षभरापूर्वी मी नवा फोन घेतला तेव्हा माझा जुना आईंना दिला होता. त्यांना वाचता येत नाही, पण बोटाने सरकवायला वाचता कशाला यायला हवं? आधी आधी त्या तारपा वाजवत फेर धरलेले नाच बघायच्या, देवीच्या जत्रेचे व्हिडिओ बघायच्या, विवळवेढ्याचं देवीचं देऊळ दिसलं की फोनलाच नमस्कार. मला बरं वाटायचं. दिवसभर एकटी बाई, तेवढीच सोबत.

मग एका रविवारी मला सुट्टी होती. मी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होते. आईंनी फोन तांब्याला टेकवून उभा केला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मांडी घालून ताठ बसल्या. पोर त्यांच्या कुशीत. मी मान वाकवून बघितलं. कुठलातरी परका मुलुख होता, लोकरीच्या टोप्या घातलेली माणसं, पडलेली इमारत. एक बाई विटांच्या ढिगापाशी बसून हातात लहान मुलाची चप्पल घेऊन रडत होती. भाषा कुठली, देव जाणे. आईंनी पापणी हलवली नाही. व्हिडिओ लांबलचक होता. संपला तेव्हा त्यांनी अंगठ्याने खालचं लाल बदाम दाबलं. मग उठल्या, दगडावर गेल्या, पाय धुतले, चूळ भरली, आणि मगच पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आता कळलं. त्या मयताला जाऊन येत होत्या.

आमच्याकडे काय, सगळीकडेच रीत आहे. कुणाकडे मयत झालं की जायचं आणि बसायचं. बोलायला काही नसतं, तरी बसायचं. प्रेत उचलेपर्यंत जागचं हलायचं नाही. निघताना ‘येते’ म्हणायचं नाही. घरी आल्यावर बाहेरच पाय धुवायचे, चूळ भरायची, मग उंबरा ओलांडायचा, मग लेकरांना हात लावायचा. माझ्या सासूबाई ही रीत फोनमधल्या मेलेल्यांसाठी पाळत होत्या. ते लाल बदामही आवडलं म्हणून नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या की तिथे हात जोडायला कुठे आहे, म्हणून तेवढं दाबते, तिला कळावं की कुणीतरी येऊन गेलं.

मी म्हटलं, पण बघायचं कशाला? सरकवून द्यायचं.

“रडणाऱ्या बाईपुढून अर्ध्यातून उठायचं नसतं, बाय,” आई म्हणाल्या. तुला एवढंही शिकवलं नाही का कुणी, असा त्यांचा चेहरा होता.

मी फोन हातात घेऊन अंगठा फिरवत गेले. पडलेली घरं. फाटलेले रस्ते. पंखे हलताहेत, लोक जिन्यावरून पळताहेत. ढिगाऱ्यातून बाहेर आलेला एक हात. त्यानंतर पूर. त्यानंतर आग. तारपा नाही, जत्रा नाही, देवी नाही. या बाईला हेच आवडतं असं त्या फोनने ठरवून टाकलं होतं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत जगभरची मयतं तो तिच्या अंगणात आणून ठेवत होता. शेजारी बसून माझी पोर ते सगळं बघत होती. आपलं घर कधी पडणार, असं ती मला आदल्याच आठवड्यात विचारत होती, पाहुणे कधी येणार विचारावं इतक्या सहज. ते कुठून आलं हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

आमचे शेठ गुजराती बोलणारे, माणूस देवासारखा. रोज सकाळी सगळ्या गिऱ्हाइकांना उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली ‘सकारात्मक रहा’ पाठवणार. मी त्यांना हे सांगितलं तर त्यांनी लगेच उपाय दिला. “सारुं जोवानुं, एटले सारुं आवशे,” म्हणाले. चांगलं बघत गेलं की चांगलंच येत जातं. मला पटलं. दुकानात बसून मी हे इतकी वर्षं बघतेच आहे. एकदा कुणी बकरी घ्यायची म्हणून फोनवर शोधली की महिनाभर बकऱ्या.

त्या संध्याकाळी मी आईंच्या फोनवर जणू देव बसवले. घर पडताना दिसलं की असलं नको म्हणून दाबायचं. बकरीची पिल्लं शोधली. चिकूच्या वाडीतली पाखरं शोधली. हसणारी बाळं, नाचणाऱ्या म्हाताऱ्या, देवीची आरती. प्रत्येकावर थांबले, प्रत्येकाला बदाम दिलं. माझ्या बोटाला मुंग्या आल्या, पण फोन वळला. सकाळी उघडला तर पहिल्यांदा एक करडू उड्या मारताना आलं. मी जिंकले म्हणून कामाला गेले.

दोन दिवसांत सगळं पहिल्यासारखं. मी वैतागून आईंच्या शेजारी बसले, काय करता ते बघायला. करडू आलं, आईंनी सरकवलं. नाचणारी म्हातारी आली, सरकवली. का, तर म्हणाल्या, त्यांचं चांगलं चाललंय की, तिथे बसून मी काय करू? मग एक गोंडस बाळ आलं, खदखदून हसणारं. आईंनी झटकन नजर वळवली आणि बोटाने त्याला हाकलूनच दिलं. परक्याच्या हसत्या लेकराकडे टक लावून बघू नये, दृष्ट लागते. मग एक म्हातारा आला, पुरात वाहून गेलेल्या गोठ्यापाशी उभा. आईंनी पदर सावरला आणि मांडी घातली.

मी कपाळाला हात लावला. म्हणजे त्या यंत्राने काय समजायचं? सुखी माणूस दिसला की ही बाई पळते, बाळ हसलं की हाकलते, आणि कुणाचं वाटोळं झालं की शेवटपर्यंत बसून बदाम देते. जगात इतकं दुष्ट गिऱ्हाईक त्याने दुसरं बघितलं नसेल. आणि ही तीच बाई, जी शेजारच्या वासराला जखम झाली तरी हळद वाटत बसते.

त्या दिवशी पोरीचा खोकला वाढला होता, म्हणून माझा तोल गेला. मी चिडून सगळं समजावलं. म्हटलं, आई, तो फोन म्हणजे यंत्र आहे. तुम्ही का थांबता ते त्याला कळत नाही. तुम्ही थांबलात एवढंच तो बघतो, आणि तसलंच आणखी घेऊन येतो. तुम्ही बसता म्हणून तो आणतो.

आईंचा हात पोरीच्या पाठीवर होता, तो तिथेच थांबला. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला.

“मी बसते म्हणून तो आणखी माणसं मारून आणतो?” त्यांनी विचारलं.

मी पटकन म्हटलं, नाही हो, ती आधीच गेलेली माणसं असतात, कुठली कुठली, जुनी जुनी. पण ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. त्या उठल्या, फोन पदरात गुंडाळला आणि घराच्या दारात थांबून, आत पाय न टाकता, मला म्हणाल्या की हे भाताच्या कणगीत पुरून ठेव. मी तो बंद केला आणि कणगीत हात कोपरापर्यंत घालून खाली सरकवला. मला वाटलं, सुटलो. पण आई त्या दिवसानंतर जेवायच्या कमी झाल्या. नुसत्या बसून असायच्या. आपण किती जणांकडे बसलो ते आठवत असाव्यात, असं मला वाटायचं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

मग एका दुपारी दुकानात काउंटर हलला. चार्जर लटकवलेली दांडी खुळखुळली, बाहेर चहावाल्याचा गाडा सोडून लोक हायवेकडे सरकले. चारोटीला एवढं, तर आमच्याकडे काय? शेजारणीला फोन लावला. ती म्हणाली, सगळे बरे आहेत, तुझ्या भिंतीचा थोडा गिलावा पडलाय. मला तेवढ्याने चैन पडेना. तिचं चार्जिंग संपत आलं होतं, म्हणून मी तिला सांगितलं की कणगीतला फोन काढून, चालू करून आईंच्या हातात दे, मला त्यांचा आवाज ऐकायचाय. तिने दिला. आई बोलल्या, पोर बोलली, मी रडले. पण मग तो फोन पुन्हा कणगीत गेला नाही. कधीही गरज लागेल म्हणून मीच म्हटलं, जवळ राहू द्या.

त्याने पहिल्याच दिवशी काय आणलं, ते मला नंतर कळलं. या वेळी परका मुलुख नव्हता, परकी भाषा नव्हती. कोट घातलेला एक माणूस, मागे लाल नकाशा, आणि स्वच्छ मराठीत सांगत होता की डहाणू आणि तलासरीत येत्या अमावास्येला दुपारी मोठा धक्का बसणार आहे. असं आधी कुणालाही सांगता येत नाही, हे मला माहीत आहे. पण आईंना ते कोण सांगणार? त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला आणि मला एक अक्षर बोलल्या नाहीत. मी पुन्हा चिडेन म्हणून.

अमावास्येच्या सकाळी पोरीला ताप होता. मी म्हटलं, दुपारी जीप ठरवूनच येते, हिला डहाणूला दाखवू, तोवर काढा पाजा. शेठ बाहेरगावी होते, दुकान उघडून दुसऱ्याच्या हवाली करेपर्यंत मला वेळ लागला. जीप घेऊन पाड्यावर आले तर अंगणात कुणी नाही. ताडपत्रीखाली पेंढा मोकळा. बाजेवर फोन पडलेला, आणि तो कोटवाला बोलत होता. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. घरात थांबू नका, भिंतीपाशी थांबू नका, झाडाखाली थांबू नका. मी घरात हाका मारल्या, मागे गेले, बोअरिंगवर गेले. शेजारीण मजुरीला गेलेली. तापातलं पोर घेऊन ही बाई गेली कुठे?

मग तो पुन्हा बोलला, झाडाखाली थांबू नका, आणि माझ्या लक्षात आलं. भिंत नाही, झाड नाही, अशी जागा आमच्याकडे एकच. ओहोळापलीकडचं खाचर, भात कापून मोकळं झालेलं.

मी अनवाणी धावले. भाताची धसं तळव्यात घुसत होती. खाचराच्या बरोबर मध्यावर, उन्हात, आई बसल्या होत्या. पोर त्यांच्या लुगड्यात गुंडाळलेली. मी जवळ गेले तरी आई माझ्याकडे बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या. मी लुगडं बाजूला केलं. पोरीच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत जात होती. नाकपुड्या फुललेल्या, ओठ जांभळट. मी हाक मारली तर डोळे उघडले, पण ओळख दिली नाही.

मी आईंना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. जीपमध्ये पोर माझ्या मांडीवर होती आणि आई तिचे पाय चोळत होत्या. डहाणूपर्यंतचा तो रस्ता मी हजारदा गेलेय; त्या दिवशी तो संपेचना. मी नुसती तिची छाती बघत होते. वर गेली की वाट बघायची, खाली आली की वाट बघायची.

सरकारी दवाखान्याच्या पायरीवर पोर शुद्धीवर आली, आणि तेच नको होतं. वर स्लॅब दिसला आणि तिने दाराचा खांब धरला. अंगात जीव नाही, आवाज नाही, पण बोटं सोडेना. पडेल, पडेल, एवढंच म्हणत होती. सिस्टर म्हणाल्या की हिला आत्ताच्या आत्ता ऑक्सिजन लावायला हवा. दोघींनी धरून उचललं तर ती असे हिसडे द्यायला लागली की उरलासुरला श्वासही जायचा. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण समजूतदार. म्हणाल्या, ही कुणाचं ऐकते?

मी आईंकडे वळले. आई पायरीखाली उभ्या होत्या आणि मान वर करून स्लॅबकडे बघत होत्या. दिवाळीपासून ही बाई एकाही छपराखाली आली नव्हती. त्यातून अमावास्या, त्यातून दुपार. त्यांचे ओठ हलत होते. मघाशी जे बोलले होते त्यानंतर त्यांना आत चला असं काय तोंडाने म्हणणार?

आईंनी चपला काढल्या. पदर डोक्यावरून घेतला, नीट केला. पायऱ्या चढल्या, खांबापाशी आल्या आणि पोरीची बोटं एकेक करून सोडवली.

“मी बसते तुझ्यापाशी,” त्या म्हणाल्या. “तू उठेस्तोवर मी उठायची नाही.”

आणि पोर आजीच्या कडेवर बसून आत गेली.

न्यूमोनिया होता. सलाईन लावलं, तोंडावर मास्क आला, इंजेक्शनं झाली. मास्कवर आईंचाच हात. दुसऱ्या कुणाचा हात लागला की पोर तोंड फिरवायची. मी औषधं आणायला बाहेरच्या खिडकीशी उभी होते, तेव्हा आवाज आला.

तोच. खालून येणारा. खिडकीतल्या काचेच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या. मोठा नव्हता, एरवी आम्ही त्याला धक्कासुद्धा म्हटलं नसतं. पण दवाखान्यात कुणीतरी ओरडलं आणि वॉर्डातून माणसं लोंढ्याने बाहेर आली. सलाईनची बाटली हातात धरून धावणारे, लेकरं कवटाळून धावणारे. सिस्टर ओरडत होत्या की थांबा, काही नाही, थांबा. मी त्या लोंढ्यात उलटी घुसले. कोपर लागलं, पायावर पाय पडला. प्रत्येक बाहेर येणाऱ्या तोंडात मी आईंचं तोंड शोधत होते. दिसलं नाही.

वॉर्ड रिकामा होता. कोपऱ्यातल्या खाटेवर पोर, आणि खाटेला टेकून जमिनीवर मांडी घालून आई. एक हात मास्कवर, एक हात पोरीच्या पोटावर. डोळे घट्ट मिटलेले. त्या इतक्या थरथरत होत्या की खाटेचा लोखंडी पाय वाजत होता, आणि क्षणभर मला वाटलं की जमीनच अजून हलतेय.

मी म्हटलं, आई, बाहेर चला.

“नळी आहे तिला,” त्या म्हणाल्या. डोळे उघडले नाहीत. “तू जा. मी उठत नाही.”

मी पण खाली बसले. दुसरं काय करणार होते? मास्कवर त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. या वेळी पोरीने तोंड फिरवलं नाही. थोड्या वेळाने माणसं एकेक करून परत आली, ओशाळवाणी, आपापल्या खाटा शोधत.

पोर वाचली, हे आधीच सांगून टाकते. पण त्या पहिल्या संध्याकाळी ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आमचे हे वापीहून निघाले होते, पोचायचे होते. पोर झोपली होती, छाती अजून भराभर वरखाली होत होती. मी फोन काढला आणि मुलांचा न्यूमोनिया म्हणून शोधलं. बरं व्हायला किती दिवस लागतात, काय खायला द्यायचं, एवढंच मला हवं होतं. एक डॉक्टर आला, बोलला. त्याच्यानंतर एक आई आली, तिच्या बाळाला नळ्या लावलेल्या. मी थांबले. तिच्यानंतर दुसरी आली. मग एक बाप, काचेबाहेर उभा. मग एक बाई, दवाखान्याच्या जिन्यात बसलेली, छातीशी बाळाचं झबलं धरलेली, बाळ कुठेच दिसत नव्हतं.

मला सगळं कळत होतं. मीच तर आईंना शिकवलं होतं, तुम्ही थांबता म्हणून तो आणतो. दुकानात बसून मी गिऱ्हाइकांना हेच सांगते. आणि माझा अंगठा हलत नव्हता. ती बाई रडत होती, आणि मला वाटत होतं की मी हिला सरकवून दिलं तर उद्या मला कुणीतरी असंच सरकवून देईल. मी बघतच होते. संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं.

आईंनी वाकून बघितलं. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग त्यांनी मास्कवरचा हात न काढता दुसरा हात पुढे केला आणि माझ्या फोनवर पालथा ठेवला. त्या बाईचं तोंड त्यांच्या तळव्याखाली गेलं, रडण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

“ऊठ तिथून,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, आई, ती रडतेय.

“तिच्यापाशी तिची माणसं असतील. तुझं माणूस इथे आहे.”

मी फोन बंद केला. ‘येते’ म्हटलं नाही. व्हरांड्यातल्या नळावर जाऊन दोन्ही पायांवर पाणी घेतलं, चूळ भरली. धसांनी तळवे सोलले होते, ते चुरचुरले. मग आत येऊन पोरीच्या अंगाला हात लावला. अजून गरम होतं, आणि मी आईंच्या शेजारी खाली बसले.